रिक्षात बसायचं नाय

चुन्याचा कुंचला चित्राच्या कडेशी आला आणि दरवर्षीप्रमाणे थांबला. श्रीपतने तो बादलीच्या काठावर निथळवला, दोन बोटांत अरुंद धरला आणि कागदाला थेंबही लागणार नाही अशा बेताने चित्राच्या चारी बाजूंनी सावकाश फिरवला. खाली बादली धरून उभी असलेली गौराबाई काही बोलली नाही. तिला जे बोलायचे होते ते तिने पंधरा वर्षांपूर्वी भाताच्या खळीने भिंतीला चिकटवून ठेवले होते.

चित्र एका जुन्या कॅलेंडरचे होते. शेजारच्या सफुराचा नवरा महंमद खालापूरच्या नाक्यावर किराणा मालाचे दुकान चालवीत असे आणि नव्या वर्षाला गिऱ्हाइकांना कॅलेंडरे वाटीत असे. सहासष्ट सालच्या कॅलेंडरवर माथेरानची छोटी गाडी छापून आली होती. वर्ष संपले, तारखा चुलीत गेल्या, गाडी भिंतीवर राहिली. पावसाळा सरला की श्रीपत घराला स्वतःच्या हाताने चुना काढी आणि चित्र तेवढे सोडून देई. चुन्याचे थर चढत गेले तसतसे चित्र भिंतीत आत जाऊ लागले आणि एक्याऐंशी साली ते असे दिसू लागले होते की स्वयंपाकघराला एक लहानशी खिडकी आहे आणि तिच्या पलीकडे, डोंगराच्या वळणावर, गाडी कायमची उभी आहे.

या गोष्टीवर गौराबाईने पुष्कळ विचार केला होता. ज्याला माथेरानचे नाव नको त्याने कुंचल्याच्या एका फटक्यात हा विषय संपवायला हवा होता. श्रीपत तसे करीत नव्हता. तो चित्राला जपत होता आणि माथेरानला नाही म्हणत होता. तहसील कचेरीतल्या अभिलेखागारात बावीस वर्षे लोकांच्या जमिनींच्या नकला उतरवलेल्या या माणसाच्या नकाराची नक्कल मात्र तिला एकदाही मिळाली नव्हती.

"अवो," ती म्हणाली, "औंदा तरी?"

श्रीपतने उरलेली बाजू पुरी केली. शिडीवरून उतरला, हात धोतराला पुसले.

"जाऊ," तो म्हणाला. "माघाच्या थंडीत जाऊ. पन येक हाय. गाडीत बसायचं, वर पायी फिरायचं. रिक्षात बसायचं नाय."

बादली तिच्या हातात कलली आणि चुन्याचा ओघळ तिच्या पायावर आला. तिने हो म्हटले. तिला रिक्षातच बसायचे होते, पण पंचवीस वर्षांनी दार किलकिले होत असेल तर पूर्ण उघडण्याचा हट्ट धरू नये इतके व्यवहारज्ञान तिच्यापाशी होते.

गौराबाई माथेरानला कधी गेली नव्हती असे म्हणता येणार नाही. तिचे माहेर डोंगराच्या पायथ्याची एक वाडी. नेरळहून निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते त्या जुम्मापट्टीच्या फलाटावर ती परकरी वयात पळसाच्या पानांचे द्रोण करून करवंदे विकत असे. खिडकीतून हात बाहेर येत, द्रोण घेत आणि गाडी हलली की हातांसकट निघून जात. त्या हातांची तोंडे तिला फारशी आठवत नसत. पुढे दहाव्या वर्षी ती मावशीबरोबर जळणाच्या मोळ्या घेऊन पाऊलवाटेने थेट वरपर्यंत गेली. वरपर्यंत म्हणजे एका बंगल्याच्या मागच्या फाटकापर्यंत. मोळ्या फाटकाबाहेर टाकायच्या होत्या आणि आल्या वाटेने परतायचे होते. हवा खाण्याचा शोध या डोंगरावर एका गोऱ्या साहेबाने लावला असे शाळेच्या पुस्तकात होते. त्याच्या आधी डोंगरावर हवा होती आणि ती घेणारी माणसेही होती, परंतु ती माणसे मोळ्या घेऊन येत असल्यामुळे त्यांच्या नावावर शोध जमा झाला नसावा.

त्या फाटकाशी उभी असताना गौराबाईने ती बाई पाहिली. तांबड्या रस्त्यावरून एक हातरिक्षा आली, पुढे एक माणूस, मागे एक, आणि मध्ये छत्रीखाली निळ्या पातळातली बाई. बाई देखणी होती की नव्हती हे गौराबाईने पाहिलेच नाही. तिने बाईचे हात पाहिले. ते मांडीवर पडले होते. त्यांत विळा नव्हता, मूल नव्हते, टोपली नव्हती, दोरही नव्हता. निजलेल्या कबुतरांसारखे ते दोन हात नुसते पडले होते, आणि बाई चालत नसतानाही पुढे जात होती. डोक्यावर ओझे नसलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. हातात काहीही नसलेली बाई तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

लग्न झाले ते सत्तावन्न साली, दीक्षेनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, पांढऱ्या साडीत, पंचशील म्हणून. नवरा कुंभिवलीचा, सातवी पास, कचेरीत शिपाई लागलेला. आधी मुंबईला गोदीत होता असे त्याने सांगितले. अंगाने काटक, बोलण्याने कमी, दारू नाही, हात उगारणे नाही. पोटावर, बेंबीच्या चार बोटे वर, वीतभर आडवा काळा वळ होता. लहानपणी कावीळ झाली तेव्हा आईने डाग दिला, असे तो म्हणाला. आपल्या लोकांत कोणाच्या ना कोणाच्या अंगावर असा डाग असतोच. तिने तो पंचवीस वर्षे पाहिला आणि कधी पाहिला नाही.

पहिल्याच वर्षी तिने त्याला त्या बाईची गोष्ट सांगितली, हातांसकट. मला एकदा तसं बसायचंय, ती म्हणाली. तो उठून बाहेर गेला आणि अंगणात बराच वेळ काहीतरी मोडत राहिला. त्यानंतर कारणांची पाळी सुरू झाली. रजा नाही. तिथली माकडे चावतात. थंडी बाधते. ती मोठ्या लोकांची जागा, तिथे आपले काय काम. गौराबाईला या कारणांचा राग येत नसे, कारण ती खोटी असल्याचे ऐकताक्षणीच कळे, आणि जो माणूस इतके वाईट खोटे बोलतो तो सवयीचा खोटारडा नसतो. नवरा चिक्कू असता तर प्रश्न मिटला असता. परंतु त्याने तिला नागपूरला नेले, दर डिसेंबरात दादरला नेले, घारापुरीच्या लेण्यांना होडीतून नेले. राणीच्या बागेत तर त्याने तिला हत्तीवर बसवले आणि स्वतः खाली उभा राहून हसला. हत्तीवर बसायला त्याची हरकत नव्हती.

सफुराला या सगळ्याची मजा वाटे. ईद झाली की ती आणि महंमद दोन दिवस माथेरानला जाऊन येत, आणि आल्यावर ती पायाच्या फोडांसकट सगळे वर्णन करी.

"तुजा घो डोंगराला भितो का गं?" ती विचारी. "माज्या घोवाला घोड्याची भीती. म्हनलं, बसता का मी बसू? बसलाच मंग. बायकोनं येकदा मनावर घेतलं की बाप्या माकडाच्या पाठीवर पन बसतो."

"आमचं ह्ये बसनारं नाय."

"मंग थोडं थोडं ने. आधी नेरळपत्तूर ने. गाडी दाव. चिक्कीचा वास येऊ दे नाकात."

हा सल्ला गौराबाईने अमलात आणला होता. भाचीच्या लग्नाचे निमित्त करून तिने त्याला नेरळला नेले आणि वरात हलण्याआधी स्टेशनवर आणले. छोटी गाडी फलाटाला लागली होती, खेळण्यातल्यासारखे डबे, आत टोप्या घातलेली माणसे. वळून पाहते तो नवरा नाही. तो बाहेर चहाच्या टपरीवर बसला होता, डोंगराकडे पाठ करून, समोर न प्यालेला चहा. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाला पाहून तिला पहिल्यांदा वाटले की हा आळस नाही, हट्टही नाही. हे काही दुसरेच आहे. आणि ते विचारले तर आपल्याला उत्तर मिळेल, या भीतीने तिने विचारले नाही.

मग एक्याऐंशीचा भाद्रपद आला. धाप लागते म्हणून तिला कर्जतच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे सांगितले. चढ चढायचा नाही, जड उचलायचे नाही. पुढे काय, असे श्रीपतने विचारले तेव्हा डॉक्टरने कागदावर औषध लिहायला घेतले. परतीच्या एस.टी.त श्रीपतने तिची पिशवी खालापूर येईपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली. म्हणून दिवाळीच्या चुन्याला त्याने जाऊ म्हटले तेव्हा गौराबाईला कळले की तिने त्याला जिंकले नव्हते. झडपेने जिंकले होते. या कळण्याने आनंदाचा थोडा गोडवा गेला, पण आनंद गेला नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी ते गाडीत बसले. गौराबाई दरीच्या बाजूच्या खिडकीशी होती. गाडी इतकी हळू चढत होती की सोबत चालणाऱ्या माणसाशी बोलता आले असते. जुम्मापट्टीला बायका टोपल्या घेऊन धावल्या. तिच्याच वयाच्या एका बाईने बोरांचा द्रोण वर धरला. गौराबाईने आधीपासून ठरवून ठेवले होते. गाडी हलायच्या आतच तिने सुट्टे पुढे केले, दोन द्रोण घेतले आणि त्या बाईच्या तोंडाकडे नीट पाहिले. बाईने मात्र तिच्याकडे पाहिले नाही. ती पुढच्या खिडकीतल्या हाताकडे निघून गेली होती.

श्रीपत डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता. प्रत्येक वळणाच्या जरा आधी त्याचे अंग वळणाच्या उलट बाजूला झुकत होते.

वर उतरल्यावर त्याने पिशवी खांद्याला लावली आणि छत्री उघडली. ऊन नव्हते. फाटकाबाहेर रिक्षांची रांग होती, पितळी बिल्ले लावलेली माणसे उभी होती, आणि रांग संपेपर्यंत श्रीपतची छत्री रांगेच्या बाजूला कललेली होती. मग तो भर बाजारातून न जाता जांभळीच्या झाडांमागच्या पायवाटेने निघाला आणि बाजाराच्या मागच्या अंगाला, जिथे एक म्हातारी दोन खोल्या भाड्याने देत असे, नेमका तिथे बाहेर आला. त्या दुपारी त्याने तिला कमी चढाच्या वाटांनी दोन पॉइंट दाखवले. कुठल्या दगडाखाली पाणी झिरपते, कुठल्या कड्यावर वारा तोंडावर येतो आणि कुठल्या कड्यावर पाठीवर, हे त्याला ठाऊक होते.

"तुमाला येवढं कसं म्हाईत?" तिने विचारले.

"कचेरीत नकाशे हायत," तो म्हणाला.

माथेरान कर्जत तालुक्यात येते आणि त्याचा नकाशा खालापूरच्या कचेरीत असण्याचे कारण नाही, हे बावीस वर्षे त्याच्याकडून तालुक्यांच्या हद्दी ऐकून घेतलेल्या गौराबाईला माहीत होते. तिने ते बोलून दाखवले नाही. तिला सुख होत होते, आणि सुखात असताना माणूस उलटतपासणी घेत नाही. कड्याजवळच्या एका बाकावर ती बसली. खाली, फार खाली, तिच्या माहेरची वाडी पडली असणार. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिले. घटकाभर ते राहिले. मग त्यांना करमेना. तिने नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि पदराने पुसायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच म्हणाली की लांबचा पॉइंट बघू. जाताना सुरुवातीचा हलका चढ सोडला तर पुढे उतारच होता, म्हणून कळले नाही. परतताना, बाजार मैलभर दूर असताना, चढाच्या मध्यावर तिचा श्वास छातीत अडकला आणि परत येईना. ती एका झाडाच्या मुळीवर बसली. ओठ जांभळे पडले होते हे तिला दिसत नव्हते, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याने तिला वारा घातला, पाणी पाजले, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले.

वळणावरून एक रिकामी रिक्षा आली. एकटा म्हातारा ती दांड्यांना धरून कशीबशी आणत होता. वाळलेले अंग, डोक्याला फडके, सदऱ्यावर बिल्ला. त्याच्या जोडीदाराचा पाय सकाळी मुरगळला, त्याला दवाखान्यात बसवून गाडी जागेवर नेतो आहे, असे त्याने न विचारता सांगितले. सांगता सांगता तो थांबला आणि श्रीपतकडे पाहत राहिला.

"श्रीपत न्हवं तू?"

"नाय," श्रीपत म्हणाला. "तुमी दुसऱ्या कुनाला तरी बघताय."

म्हाताऱ्याने मान हलवली. "आसंल," तो म्हणाला. "मानसासारखी मानसं आस्त्यात." त्याने दांड्या खाली ठेवल्या आणि गौराबाईकडे पाहिले. "बायला चालवू नगंस, दादा. रंग चांगला नाय तिचा. पन मी येकला काय करनार? मागून लोटीन. पुढली दांडी कोन धरंल?"

झाडावर एक माकड अंग खाजवत होते. गौराबाई म्हणाली की ती थोडे बसेल आणि मग चालेल, आणि हे म्हणताना तिला मध्ये दोनदा थांबावे लागले. श्रीपतने तिच्या ओठांकडे पाहिले. मग त्याने अंगातला कोट काढला, घडी केली, रिक्षाच्या बैठकीवर अंथरली. चष्मा काढून तिच्या हातात दिला. वहाणा काढून पायठेवणीवर ठेवल्या.

"बस," तो म्हणाला.

"तुमीच म्हनला व्हता. रिक्षात बसायचं नाय."

"बस गं."

तिला वाटले, कचेरीतला माणूस, उताऱ्यावर शिक्के मारणारा, याला हे कसे जमेल. दांडी हातातून सुटेल, गाडी मागे जाईल. श्रीपत खाली वाकला. रस्त्याची तांबडी माती त्याने दोन्ही तळव्यांत घेतली, चोळली, झटकली. मग आडव्या दांडीखालून एकाच हालचालीत तो आत शिरला आणि वळून उभा राहिला तेव्हा दांडी त्याच्या पोटाशी होती. मागे न पाहता त्याने विचारले:

"मागं?"

म्हाताऱ्याने एक क्षण जाऊ दिला. ज्याने नुकतेच आपल्याला ओळखले नाही त्याला उत्तर द्यायचे की नाही, एवढ्यापुरता तो क्षण असावा.

"हाय," तो म्हणाला.

गाडी उचलली गेली. धक्का बसला नाही. त्या धंद्याची ही रीत होती. पुढल्याने मागे पाहायचे नसते, पाहिले की चढावर तोल जातो. म्हणून तो विचारतो, आणि मागल्याचे उत्तर आल्याखेरीज पाऊल उचलत नाही. ही रीत गौराबाईला ठाऊक नव्हती. पण तिच्यापुढे चाललेल्या पाठीला ती ठाऊक आहे, एवढे तिला पहिल्या दहा पावलांत दिसले. तिसऱ्या पावलाला नाकातून श्वास, मग दोन पावले काही नाही, मग पुन्हा श्वास. आणि तिच्या मागून, म्हाताऱ्याचाही श्वास त्याच मापाने येऊ लागला. दोन माणसे, एकमेकांना न ओळखणारी, तिच्या पुढे आणि मागे एकाच छातीने श्वास घेत होती.

गाडी पाण्यावरून जावी तशी चालली होती. झाडे आपणहून मागे सरत होती. वारा तोंडावर येत होता, छाती हलकी होत होती, आणि गौराबाईच्या अंगाला सुख झाले. मनाने अडवायच्या आतच झाले. पस्तीस वर्षे ज्याची वाट पाहिली तेच हे, जसे असेल असे वाटले होते अगदी तसेच, तसूभरही कमी नाही. तिने खाली पाहिले. तिचे हात मांडीवर पडले होते. त्यांत चष्मा होता, पण ते पडले होते.

समोर पाठ होती. धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्याला मानेपासून खाली ओल फुटत होती. ही पाठ तिने कागदांवर वाकलेली पाहिली होती, शिडीवर चुना काढताना पाहिली होती, नेरळच्या टपरीवर डोंगराकडे केलेली पाहिली होती.

चढ संपला तिथे श्रीपतने गाडी अलगद टेकवली, दांडीखालून बाहेर आला आणि तिच्याकडे वळला. सदऱ्यावर, पोटाच्या आडवा, तांबड्या मातीचा आणि वंगणाचा पट्टा उमटला होता. बेंबीच्या चार बोटे वर. वीतभर.

गौराबाई त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. त्याखाली काय आहे हे तिला डोळे मिटूनही दाखवता आले असते. श्रीपतनेही खाली पाहिले. हाताने झटकायला गेला आणि थांबला.

"गोदी?" तिने विचारले.

"न्हवती गोदी," तो म्हणाला. "सात वर्सं. वयाच्या पंधराव्या वर्सापून. मी पुढं, ह्यो पोशा मागं. दीक्षा घेतली त्या दिशी दांडी सोडली."

म्हातारा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता आणि खोकत होता. "आता वळखलंस व्हय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग गौराबाईला म्हणाला, "लई चांगला पुढला व्हता, बाय. बसनाऱ्याला डुलकी लागायची."

"मला का नाय सांगितलं?" गौराबाईने नवऱ्याला विचारले.

श्रीपतने तळव्यांवरची माती धोतराला पुसली. कचेरीत तो शुद्ध बोले आणि घरी मोजके बोले. आता तो जे बोलला ते त्या दोन्हींपैकी नव्हते.

"तू सांगायचीस ना, ती निळ्या पातळाची. मांडीवर हात ठिवून बसल्याली. तशा बाया मी रोज न्येल्या. येकीचंबी त्वांड मी बघितलं नाय. पुढल्यानं बघायचं नसतं." तो थांबला. "तुज्या त्वांडावर हसू येताना तरी मला बघायचं व्हतं. म्हनून म्हनलं, रिक्षात नगं."

तिने आठवून पाहिले. चढावर आपण हसलो होतो का? हसलो होतो. आणि त्याच्या पाठीने ते पाहिले नव्हते. त्या फाटकाशी उभी असताना तिने बाईचे हात पाहिले, छत्री पाहिली, पातळाचा रंग आजवर जपला. पुढे एक माणूस होता एवढेच तिला आठवत होते. तो कोण, कसा, अनवाणी की वहाणांत, पोरसवदा की म्हातारा, हे तिनेही पाहिले नव्हते. श्रीपत तेव्हा अजून डोंगरावर आला नसेल. तो माणूस दुसरा असेल. पण कोणीतरी होता.

ती उतरू लागली.

"बस," श्रीपत म्हणाला. "बाजार लांब हाय अजून."

"डाक्तरनं चढ नको सांगितलाय," गौराबाई म्हणाली. "उताराचं कायबी म्हनला नाय त्यो."

तिने त्याच्या वहाणा काढून त्याच्या पायांपुढे ठेवल्या. तो वहाणांत पाय घालीना. कोटाची घडी तिने बैठकीवर तशीच राहू दिली, चष्मा पदराच्या टोकाला बांधला. पोशाचा खोकला थांबत नव्हता. तो उठायला गेला तेव्हा तिने त्याला हाताने बसून राहायला सांगितले, आणि मग, विचार करून, रिक्षाकडे बोट दाखवले. पोशा हसला. चाळीस वर्षे लोटलेल्या गाडीत आपण कधी बसलो नाही आणि आता बसणार नाही, असे तो म्हणाला, आणि कडेने चालू लागला.

पुढे सरळ उतार होता, दोन्ही बाजूंना झाडी, आणि लांबवर बाजाराची पहिली कौले. रिकामी गाडी उतारावर पुढल्याला ढकलत नेते, मागून कोणीतरी धरून ठेवावी लागते. श्रीपत अनवाणीच दांडीखालून आत गेला. पाठ तिच्याकडे झाली. तळवे दांडीवर बसले. तो समोर पाहत होता, कारण पुढल्याने मागे पाहायचे नसते.

"मागं?" त्याने विचारले.

पोशाने तोंड उघडले आणि मिटले.

गौराबाईने बैठकीमागच्या लाकडी पट्टीला दोन्ही हातांनी धरले. लाकूड अनेकांच्या हातांनी गुळगुळीत झालेले होते आणि अजून कोमट होते.

"हाय," ती म्हणाली.